तोडणीची मजुरी ३४ टक्के वाढली, मग साखर का नाही महागली?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा होता की जानेवारी २०२४ मध्ये ऊसतोड मजुरांची मजुरी ३४ टक्क्यांनी वाढली, तेव्हा सगळे म्हणत होते आता साखर महागणार, पण दुकानात तसं काही जाणवलं नाही. मग "मजुरी वाढली की महागाई वाढते" हे जे आपण लहानपणापासून ऐकत आलो ते खोटं का? आणि घरी ऊस असून वडील का चिडलेत तेही कळत नाही म्हणालात.

मी २७ वर्षं साखर कारखान्याच्या शेती खात्यात काढली. ॲग्री ओव्हरसिअर म्हणून लागलो आणि शेवटची नऊ वर्षं तोडणी-वाहतुकीचे करार आणि बिलं हेच काम होतं. अर्थशास्त्र कॉलेजात शिकलो नाही, जे काय कळलं ते फडात आणि काट्यावर, त्यामुळे उत्तर उसातूनच देतो.

आधी हिशोब करून टाकू म्हणजे पुढचं सोपं जाईल. डोकी सेंटरचा दर, म्हणजे ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावरून नेऊन ट्रक-ट्रॅक्टर भरून द्यायचा याचा दर, आधी टनाला २७३ रुपये होता तो ३६६ झाला. वर मुकादमाचं, म्हणजे मजुरांची टोळी जमवून आणणाऱ्याचं, कमिशन १९ टक्के होतं ते २० झालं. म्हणजे कमिशनसकट टनाला साधारण ३२५ चे ४३९ झाले, वाढ ११४ रुपये. आता एका टनातून साखर किती निघते, साडेदहाचा उतारा (उसाच्या वजनाच्या किती टक्के साखर निघते तो आकडा) धरला तर १०५ किलो. ११४ भागिले १०५, एक रुपया नऊ पैसे. म्हणजे ही अख्खीच्या अख्खी वाढ जरी गिऱ्हाइकाच्या माथ्यावर टाकली असती तरी साखर किलोला रुपया-सव्वा रुपयानेच वाढली असती, महिन्याला पाच किलो साखर लागणाऱ्या घराला पाच-सहा रुपये. "३४ टक्के" हा आकडा पेपरला छापायला भारी वाटतो पण तो मजुरीवरचा टक्का आहे, साखरेवरचा नाही. कुठल्याही धंद्यात मजुरी वाढली की पहिला प्रश्न हाच विचारायचा, मालाच्या किमतीत मजुरीचा वाटा किती. इथं तो दहा-बारा टक्क्यांच्या आसपास.

पण तो एक रुपयासुद्धा साखरेवर पडला नाही हे तुम्ही बरोबर बघितलंत, आणि खरी गंमत तिथंच आहे.

साखरेचा भाव कारखाना ठरवत नाही. दर महिन्याला किती साखर विकायची याचा कोटा केंद्र सरकार देतं, २०१८ पासून तसं चालू आहे, निर्यात कधी उघडायची कधी बंद करायची तेही दिल्लीतच ठरतं. कारखान्याला टेंडर काढून त्या दिवशीचा जो भाव व्यापारी देईल तो घ्यावा लागतो. साखरेचा किमान विक्री दर फेब्रुवारी २०१९ ला किलोला ३१ रुपये केला आणि पुढं एफआरपी, म्हणजे केंद्रानं ठरवलेला उसाचा किमान दर, टनाला २७५० वरून २०२४-२५ ला ३४०० झाली (उताऱ्याचा पाया १० टक्क्याचा सव्वादहा केला तो वेगळाच) तरी तो ३१ चा ३१ च राहिला. आता अशा धंद्यात तोडणीची मजुरी वाढली म्हणून चेअरमन साखरेचा भाव वाढवणार कसा? नाहीच वाढवू शकत.

मग हे ११४ रुपये गेले कुठं? तुमच्या वडिलांच्या बिलात गेले.

एफआरपी ही कारखान्याच्या गेटवर ऊस पोच करण्याची किंमत आहे. महाराष्ट्रात शेतकरी स्वतः ऊस तोडून आणत नाही, कारखाना तोडणाऱ्या मजुरांची टोळी पाठवतो, गाडी पाठवतो, आणि तो सगळा खर्च एफआरपीतून कापून उरलेले पैसे देतो. उत्तर प्रदेशात असं नाही, तिथं शेतकरी आपापल्या सोयीनं तोडून गाडी घेऊन गेटवर येतो, त्यामुळे तिकडचा भाव आणि आपला भाव नुसता शेजारी ठेवून तुलना करतात ती चुकते. धरून चला कारखान्याचा उतारा साडेअकरा आहे. २०२४-२५ ला सव्वादहा उताऱ्याला ३४०० आणि वरच्या प्रत्येक पॉइंटला (०.१ टक्क्याला) ३३ रुपये २० पैसे, म्हणजे झाले ३८१५. त्यातून तोडणी-वाहतूक ८५० गेली की हातात २९६५. तोडणीचा दर वाढला की ३८१५ तसेच राहतात, ८५० चे ९६० होतात, आणि शेतकऱ्याच्या हातात तेवढे कमी येतात. साखर खाणाऱ्याला पत्ता लागत नाही, कारखान्याच्या ताळेबंदाला फारसा धक्का नाही, आणि ज्याचा ऊस आहे त्याला मात्र बिल बघितल्यावर कळतं. ४० टन पडणाऱ्या एकराला साडेचार हजार रुपये झाले की हे.

आणि अजून एक गोष्ट जी मला नोकरीत असतानाही खटकायची पण बोलता यायचं नाही. मजुरी ठरवायला कोण बसतं? एका बाजूला साखर संघ म्हणजे कारखान्यांचे लोक, दुसऱ्या बाजूला मजुरांच्या संघटना, आणि मध्ये लवाद, पूर्वी शरद पवार आणि गोपीनाथराव मुंडे, आता पवार आणि पंकजाताई. करार तीन वर्षांचा. आधीच्या करारात १४ टक्के वाढ झाली होती, या वेळी ३४. या खोलीत ज्याच्या बिलातनं पैसे जाणार तो शेतकरी खुर्चीवर नसतो. आता मजुरांना वाढ नको होती असं माझं बिलकुल म्हणणं नाही, उलट उशिराच मिळाली, ते खाली सांगतो. पण घासाघीस करणारा एक आणि पैसे भरणारा दुसरा असला की ती घासाघीस वेगळीच होते, मोठ्या कंपनीत हाऊसकीपिंगच्या कंत्राटाचं रेट ठरताना बघितलं असेल तर लगेच कळेल.

तर माझं म्हणणं एवढंच की मजुरी वाढली की भाव वाढतो का हे विचारण्यापेक्षा भावाचा बोर्ड कोण लावू शकतो ते बघा.

सलूनवाला लावू शकतो. आमच्या गावात दर दोन-तीन वर्षांनी सगळ्या सलूनमध्ये एकाच दिवशी एकसारखं नवीन दरपत्रक लागतं, कटिंग इतके दाढी इतके, खाली संघटनेचं नाव. कटिंगला वीस वर्षांपूर्वीही वीस मिनिटं लागायची, आजही वीस मिनिटंच लागतात, त्यात मशीननं काही वेग आला नाही, पण कारागीर गावात टिकवायचा तर त्याला बाहेर दुसरीकडे मिळेल तेवढं द्यावंच लागतं. आणि आपण कटिंग करायला कोल्हापूरहून निपाणीला जात नाही. म्हणून तिथं मजुरी वाढली की भाव वाढतो, सरळ. वडापाव, गवंडीकाम, शिकवणी, दवाखान्यातलं ड्रेसिंग, सगळं याच गटातलं.

कापूसवाला नाही लावू शकत. वेचणी किलोला दहा रुपयांच्या पुढे गेली, म्हणजे क्विंटलला हजार रुपये नुसती वेचणी, आणि लांब धाग्याच्या कापसाचा २०२४-२५ चा हमीभाव ७५२१. सातवा-आठवा हिस्सा वेचणीतच गेला. यवतमाळच्या शेतकऱ्यानं बांधावर बोर्ड लावला की "वेचणी वाढली आहे तरी भाव आठशे रुपये जादा" तर व्यापारी हसून पुढच्या गावाला जाईल, कारण सूतगिरणीला तोच कापूस गुजरातमधनं, परदेशातनं मिळतो.

साखर या दोघांच्या मधली. बोर्ड आहे, पण तो सरकारनं धरून ठेवलाय.

गुऱ्हाळाचं बघा, ते तर डोळ्यादेखत गेलं. करवीर, पन्हाळा, कागल भागात माझ्या लहानपणी संध्याकाळी कुठंही उभं राहिलं तर चार चिमण्यांचा धूर दिसायचा. गुऱ्हाळाला नुसती माणसं लागतात, घाण्यावर वेगळा, चुलवाणापाशी जाळ घालणारा वेगळा, आणि गुळव्या, ज्याच्या नजरेवर सगळी कढई अवलंबून. गुळव्या चांगला नसला तर गूळ चिकट होतो नाहीतर काळा पडतो. या माणसांची मजुरी वाढली, वाढूनही पोरं मिळेनात कारण जाळापुढे बारा तास उभं राहण्यापेक्षा एमआयडीसीतली शिफ्ट परवडते, आणि गुळाचा भाव ठरतो गुजरातच्या मागणीवर, वर कर्नाटकातला गूळ कोल्हापुरी म्हणून खपतो तो वेगळाच. इथं मजुरीनं भाव वाढला नाही, धंदाच आक्रसला. शेकड्यांनी गुऱ्हाळं होती ती बंद पडली, आणि गंमत म्हणजे ज्यांची राहिली त्यातल्या काहींनी केमिकलविरहित गूळ, वडी, पावडर, पॅकिंग असं करून स्वतःचा बोर्ड लावायला सुरुवात केली आणि ती बऱ्यापैकी चाललीत. म्हणजे बोर्ड हा जन्मभर तोच राहतो असं नाही.

आता मजुरांच्या बाजूनं हिशोब करू, कारण बिल बघून चिडणारे माझे शेतकरी मित्र हा करत नाहीत. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. चांगली जोडी दिवसाला दोन टन तोडते, ऊस आडवा पडलेला असेल, वाळला असेल तर दीडच. ३६६ ने दोन टनाचे ७३२ रुपये, दोघांत. माणशी ३६६. पहाटे चारला उठून, गाडी रात्री आली तर रात्री भरून, थंडीत ओल्या पाचटात. पुण्यात बांधकामावर बिगारी माणूस यापेक्षा जास्त घेतो आणि संध्याकाळी सहाला मोकळा होतो. जुन्या २७३ च्या दराने माणशी २७३ च पडायचे. वरून वाढ्याचे, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचे, दोन पैसे सुटतात म्हणा, जनावरवाले घेतात वाढे, पण ते किती. २०१९ साली बीडच्या बायकांच्या गर्भपिशवी काढण्याच्या बातम्या आल्या त्या वेळी सगळ्यांना धक्का बसला, आम्हाला कोपीवर (मजुरांच्या झोपड्यांवर) जाणाऱ्यांना नाही बसला, पाळीमुळे खाडा झाला की पैसे कापले जाणार ही भीती आम्हाला माहीत होती. त्यामुळे ३४ टक्के म्हणजे लई झाले असं कुणी म्हटलं की मी त्याला म्हणतो एक आठवडा मोळ्या उचल आणि मग बोल.

आणि कागदावरचा दर हा खरा दर कधीच नव्हता, हे तुम्हाला कुठल्या पुस्तकात वाचायला मिळायचं नाही. दर कमी ठेवला आणि माणसं कमी पडली की बाजार स्वतःचा रस्ता काढतो. आमच्याकडे त्याला खुशाली म्हणतात. टोळी फडात आली की एकराला अमुक हजार द्या, ड्रायव्हरला प्रत्येक खेपेला एंट्री द्या, कोंबडं द्या. पावती नाही काही नाही. साखर आयुक्तालय दरवर्षी पत्रक काढतं की असे पैसे देऊ नका, तक्रार करा, आणि शेतकरी ते पत्रक वाचून खिशातनं पैसे काढून देतो, कारण ऊस वाळायला लागलाय आणि शेजारच्याचा गेला तर रस्ता बंद होतो. ज्या वर्षी टोळ्या कमी त्या वर्षी खुशाली जास्त, ज्या वर्षी ऊस कमी त्या वर्षी टोळ्याच विचारत येतात. मी तर खुशालीचा आकडा ऐकून सांगायचो यंदा हंगाम लांबणार की नाही. तर दर ३४ टक्के वाढल्यावर शेतकऱ्याचा खर्च ३४ टक्के वाढला असंही नाही, काही भाग जो टेबलाखालनं जात होता तो टेबलावर आला. सगळा नाही आला, खुशाली बंद झाली नाही हे मलाही माहीत आहे.

मजुरी महाग की स्वस्त हे नुसत्या दरावर कळत नाही, कामावर कळतं. उसाचा सगळ्यात गोड भाग बुडख्याला असतो. चांगली टोळी जमिनीलगत घासून तोडते, आळशी किंवा घाईतली टोळी दोन इंच वर तोडते. आठ फुटी उसात दोन इंच म्हणजे दोन टक्के. ४० टनाच्या एकराला ८०० किलो ऊस फडातच राहिला, अडीच हजाराच्या आसपास गेले, तेही साखर जास्त असलेला भाग, शिवाय खोडव्याचे, म्हणजे त्याच बुडख्यातून पुन्हा येणाऱ्या उसाचे, फुटवे वरून येतात ते कमजोर. आता सांगा टनाला पन्नास रुपये जास्त घेणारी पण बुडातनं तोडणारी टोळी महाग का? एकराला दोन हजार जास्त घेतले आणि अडीच हजार वाचवले, खोडव्याचा फायदा वेगळा. तसंच तोडलेला ऊस चोवीस तासांत गाळला नाही की वजन घटतं, उतारा घटतो. उताऱ्याचा एक पॉइंट म्हणजे टनाला एक किलो साखर, पस्तीस रुपये. भरायला माणसं नसल्यामुळे ऊस दोन दिवस फडात पडला तर स्वस्त मजुरीत जे वाचवलं ते इथं गेलं.

हे मी स्वतः करून बघितलंय, म्हणजे चुकून. ज्या कारखान्यात होतो तिथं एक वर्ष ठरलं की उचल वाढवून द्यायची नाही. (उचल म्हणजे इथं मजुरांना हंगामाआधी देतात तो ॲडव्हान्स, शेतकऱ्याची पहिली उचल वेगळी, आमच्या खात्यात एकाच शब्दावरून दिवसातनं तीनदा गोंधळ व्हायचा.) मीच नोट तयार केली होती, आकडे मांडून, किती लाख वाचतील वगैरे, आणि साहेब खूश. दसऱ्यानंतर टोळ्या यायला लागल्या तर आमच्याकडे करार केलेले मुकादम शेजारच्या कारखान्याच्या गाडीत बसून कर्नाटकात गेलेले. जवळजवळ तिसरा हिस्सा आलाच नाही. मग डिसेंबरात गाड्या घेऊन स्लिपबॉयपासून ऑफिसरपर्यंत सगळे बीड, जालना, जत, पाथर्डी करत फिरलो, मिळेल त्याला मिळेल त्या भावानं आणलं, त्यात नवीन माणसं, वेग नाही. त्या वर्षी मार्चमध्ये तुरे आलेला ऊस गाळत होतो. वाचवलेले लाख कुठं गेले ते माझ्या त्या नोटमध्ये नव्हतं.

उचलीबद्दल अजून जरा सांगतो कारण "मजुरी हा बदलता खर्च असतो, काम कमी तर खर्च कमी" हे कॉमर्सवाली पोरं मला सांगायची. उसात तसं नाही. जोडीला लाखाच्या पुढे ॲडव्हान्स द्यावा लागतो आणि तो जून-जुलैपासून जातो. पाच लाख टन गाळायचे तर दोन हजार कोयते लागतात, म्हणजे वीस कोटी. बँकेचं अकरा टक्के व्याज आठ महिन्यांचं धरलं तर दीड कोटी, टनाला तीस रुपये. ऊस तुटायच्या आधीच. त्यात एखादा मुकादम दोन कारखान्यांची उचल घेऊन गायब झाला, किंवा मजुरांनी मुकादमाची बुडवली, वीसातला एक कोटी गेला तर अजून वीस रुपये. यातलं मजुराच्या हातात काही पडत नाही, तरी धंद्याच्या दृष्टीनं ती मजुरीच. उलट मजूर त्या उचलीत अडकलेला, हंगाम संपताना फिटली नाही तर पुढच्या वर्षीही यायलाच लागतं. खर्च मोठा आणि घेणाऱ्याच्या हातात कमी, ही मधली गळती जिथं जास्त तिथं दोन्हीकडची माणसं एकमेकांवर चिडलेली असतात.

२०२१-२२ चा हंगाम आठवतो? राज्यात १३२० लाख टन ऊस गाळला, १३७ लाख टन साखर, विक्रम. आणि त्याच वर्षी मराठवाड्यात मे महिना संपत आला तरी उभा ऊस, टोळ्या घरी निघून गेलेल्या, उन्हात कोयता चालत नाही. शेवटी सरकारला लांबच्या वाहतुकीला अनुदान आणि उतारा घटीचे टनाला २०० रुपये जाहीर करावे लागले. लोकांनी ऊस पेटवून दिला. त्या वेळी मजुरीचा कागदावरचा दर काय होता, २७३ च. दर वाढला नव्हता तरी मजुरी कधी नव्हे इतकी महाग पडली, कारण ती मिळतच नव्हती.

मग मशीन का नाही, हे तुम्ही विचारणारच. हार्वेस्टर येतायत, केंद्राच्या योजनेतनं ४० टक्के किंवा जास्तीत जास्त ३५ लाख अनुदान जाहीर झालं होतं, तरी मशीन कोटीच्या घरात. एक कोटीवर दहा टक्के व्याज म्हणजे वर्षाला दहा लाख. मशीननं हंगामात दहा हजार टन तोडला तर टनाला शंभर रुपये नुसतं व्याज, पाऊस लांबला, रान ओलं राहिलं, पाचच हजार टन झाला तर दोनशे. डिझेल, ऑपरेटर, ब्लेड, हप्ता अजून बाजूला. माणसाची मजुरी ३२५ असताना मशीनवाल्याचं गणित बसत नव्हतं, ४३९ झाल्यावर बसायला लागलं, म्हणून २०२४ नंतर मशीनची चौकशी वाढली. मजुरी वाढली की उद्योग बदलतो तो असा, एकदम नाही, एक उंबरठा ओलांडला की.

पण मशीनला साडेचार-पाच फुटी सरी लागते, दहा-वीस गुंठ्याच्या तुकड्यात ते वळतच नाही, ओल्या काळ्या रानात रुततं आणि खोडवा दाबतं. शिवाय पाचटाची वजावट, म्हणजे मशीनच्या उसात पाला मिसळून येतो म्हणून वजनातनं कापतात ती. आमच्याकडे पाच टक्के होती, म्हणजे २९६५ च्या भावानं टनाला १४८ रुपये. मजुरी ११४ नं वाढली म्हणून चिडून मशीन बोलावलं आणि वजावटीत १४८ गेले असे महाभाग मी बघितलेत, दोष त्यांचा नाही, बिलात तो आकडा रुपयात दिसत नाही, वजनात दिसतो. ब्राझीलचं उदाहरण सगळे देतात, पण तिथं साओ पावलोत मशीन आलं त्यात ऊस जाळून तोडायची पद्धत कायद्यानं बंद होत गेली याचाही मोठा हात होता, आणि त्यांचं एकेक रान आपल्या गावाएवढं.

कारखान्याच्या आतल्या कायम कामगारांचं मात्र उलट आहे. तिथं पगार वाढला नाही तरी मजुरी महाग होऊ शकते. समजा वर्षाचा पगार २४ कोटी. आठ लाख टन गाळले तर टनाला ३००, पाच लाखच गाळले तर ४८०. कुणाला एक रुपया वाढ नाही आणि टनामागं १८० रुपये चढले. २०२४-२५ ला हेच झालं, ऊस कमी, राज्याची साखर आदल्या वर्षीच्या ११० लाख टनांवरून ८१ लाखांवर आली, गाळप लवकर आटोपलं आणि पगार बारा महिन्यांचे तसेच. तोडणीच्या ११४ रुपयांवरून पेपरात महिनाभर चर्चा, आणि या खर्चाबद्दल कुणी बोलत नाही. त्यात आपणच दर पंचवीस किलोमीटरला नवा कारखाना काढून ठेवलेत तो विषय वेगळा, तो काढला की माझं बीपी वाढतं.

तर तुमच्या वडिलांचं बिल. २०२२-२३ चं आणि २०२४-२५ चं दोन्ही काढा, शेजारी ठेवा. तोडणी-वाहतूक एकत्र लिहिलेली असेल तर गट ऑफिसमधून तोडणी वेगळी, वाहतूक वेगळी अशी मागून घ्या, कारण दोन्ही मिळून जी वाढ दिसते ती सगळी मजुरांच्या नावावर टाकतात आणि त्यात वाहतुकीची वाढ किती ते कळत नाही. तुमचं रान कारखान्यापासून आठ किलोमीटरवर असेल आणि कारखाना पन्नास-साठ किलोमीटरवरून ऊस आणत असेल तर सरासरी काढून त्या लांबच्या गाड्यांचं डिझेलही तुमच्याच बिलातनं जातंय, तेही विचारा. उताराही दोन्ही वर्षांचा टिपून घ्या, तो घसरला असेल तर कमी झालेल्या भावाचं खरं कारण तिथं असू शकतं. आणि फडात खुशाली किती दिली हे वडिलांना विचारू नका, ते कमीच सांगतील, आईला विचारा.